इस्त्रीयोग्य पाणी

मंगळवारी संध्याकाळी हरिदास मोहुर्ले सर उशीच्या अभ्र्याला इस्त्री करत होते. वाफेच्या इस्त्रीने आधी घसा खाकरला, मग दोन उचक्या दिल्या आणि शेवटी अभ्र्याच्या मधोमध पांढऱ्या खपल्यांची एक तपकिरी गुळणी टाकली.

उशीच्या अभ्र्याला इस्त्री करणारा माणूस अख्ख्या मोहबोडीत एकच. सरांचं म्हणणं असं, की माणूस रोज आठ तास अभ्र्यावर तोंड ठेवून असतो. तेवढा वेळ तो सख्ख्या बायकोसमोरही नसतो. तेव्हा अभ्र्याचा मान राखायला नको का? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या बायकोने, साधनाबाईंनी, पंचवीस वर्षांत दिलेलं नव्हतं. त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. बेचाळीस अंगणवाड्या, त्यांतली लेकरं, लेकरांच्या आया आणि त्या आयांच्या सासवा सांभाळून उरलेल्या वेळात त्या सरांच्या प्रश्नांना उत्तरं देत. वेळ सहसा उरत नसे.

"साधना, इस्त्री आजारी पडली!" सरांनी हाक मारली.

साधनाबाई हातात उलथनं घेऊनच बाहेर आल्या. अभ्रा पाहिला, इस्त्री पाहिली, नवरा पाहिला. "राहू द्या. शनिवारची माझी साडी मी चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे टाकते."

शनिवारी साधनाबाईंचा चंद्रपूरला सत्कार होता. जिल्ह्यातल्या उत्कृष्ट पर्यवेक्षिका म्हणून शाल, श्रीफळ आणि वर पाच मिनिटं बोलायची संधी. त्यासाठी त्यांनी ट्रंकेतून आरमोरीची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी काढली होती. आरमोरी त्यांचं माहेर. आईने ओळखीच्या विणकराला सांगून विणून घेतलेली, फिकट मधाच्या रंगाची ती साडी त्या आयुष्यात तीनदा नेसल्या होत्या.

"कोशाची साडी चौकात?" सरांचा आवाज चढला. "कोळशाच्या इस्त्रीखाली? घरात विज्ञानाचा माणूस बसला असताना?"

"घरात विज्ञानाचा माणूस बसला हाय, म्हणून तं भेव वाटते," साधनाबाई म्हणाल्या. पण सरांचं उतरलेलं तोंड पाहून त्यांनी मुदत दिली. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. नाई झाली तं साडी चौकात."

"शुक्रवार कायले? उद्याच होते!"

सरांच्या या आत्मविश्वासाला आधार होता. मोहबोडी गडचांदूरपासून सहा किलोमीटरवर. चहूकडे सिमेंटचे कारखाने आणि पायाखाली नुसता चुनखडक. इथल्या पाण्यात चुना इतका, की माठाला पांढरी कड येते आणि नळाच्या तोटीला दाढी फुटते. आणि सर गावच्या हायस्कुलात गेली एकोणीस वर्षं 'दुष्फेन पाणी' हा धडा शिकवत होते. शाळेच्याच नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, साबणाचं द्रावण टाकून खदखदून हलवायचं आणि नळी उंच धरून वर्गाला विचारायचं, "फेस आला का?" पोरं एका सुरात म्हणत, "नाई आला!" मग सर नाटकी आवाजात विचारत, "का नाही आला?" अशा एकोणीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर स्वतःच्या घरातली इस्त्री त्याच चुन्याने बंद पडावी, हा सरांना इस्त्रीचा बिघाड वाटलाच नाही. ते त्यांना आव्हान वाटलं.

तरीपण सर पडले कायद्याचे माणूस. आधी माहितीपुस्तिका वाचायची, असं त्यांनी ठरवलं. इस्त्री त्यांची मुलगी रीना हिने नागपुराहून पाठवलेली. दोन वर्षांची वॉरंटी, त्यातले चौदा महिने झालेले. पुस्तिका अकरा भाषांत होती आणि त्यात मराठीही होती, निदान अक्षरं तरी मराठी होती. 'उपकरणास स्नान घालू नये,' असं पहिल्याच पानावर होतं. पुढे ठळक अक्षरांत, 'उपकरण स्वतःची स्वच्छता करण्यास समर्थ आहे.' सरांनी हे वाक्य इस्त्रीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्री ढिम्म.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला.

"नमस्कार सर, मी आपली काय सहाय्यता करू शकते?"

सरांनी अभ्र्यापासून सुरुवात केली. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आपल्या भागातलं पाणी कठीण आहे का?"

"कठीण?" सरांना भरून आलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन हा प्रश्न विचारत होतं. "अहो, अत्यंत कठीण! कॅल्शियम, मॅग्नेशियम—"

"मग सर, वॉरंटी लागू होणार नाही."

सर जिथल्या तिथे थांबले.

"पाणी कठीण नाही असा स्थानिक कार्यालयाचा दाखला आपण पाठवलात, तर आम्ही विचार करू. आपला दिवस शुभ असो."

आता आली का पंचाईत! पाणी कठीण आहे म्हणून इस्त्री बिघडली आणि पाणी कठीण नाही असं लिहून आणलं तरच ती दुरुस्त होणार. सर स्टाफरूममध्ये खिडकीशी उभे राहून विचार करत राहिले. खोटं बोलायचं नाही, हे तर पक्कं. पण आपण फक्त दाखला मागायचा. त्यात काय लिहायचं, ती जबाबदारी कार्यालयाची. दाखला खरा निघाला तर विज्ञान जिंकलं, खोटा निघाला तर इस्त्री. अशा रीतीने सदसद्विवेकबुद्धीला स्टाफरूममध्येच बसवून सर शाळा सुटल्यावर नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात गेले.

टेबलामागे अमर बसला होता. अमर म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, आता तिथला लिपिक. तो झटकन उभा राहिला, खुर्ची पुसली आणि सरांचं म्हणणं ऐकता ऐकता पुन्हा खाली बसला.

"सर, पाणी कठीण नाई असं मी कसं लिहू?"

"तू नको लिहू. तपासणी करा, जे येईल ते लिहा."

"तपासायचं कायले सर? तुमीच तं शिकवलं. 'मोहबोडीचे पाणी दुष्फेन आहे, कारणे द्या.' पाच मार्काचा प्रश्न होता. तुमी मले पाचपैकी पाच देल्ले होते."

सरांना आनंद व्हावा की दुःख, ते कळेना. एवढं चांगलं शिकवल्याचा पश्चात्ताप होण्याची ही त्यांच्या नोकरीतली पहिलीच वेळ.

"पण सर, तुमी अर्ज द्या," अमर आवाज खाली आणून म्हणाला. "मी टेबलावर पुढं सरकवतो. फक्त 'इस्त्री' असं लिहू नका, साहेब हासतीन. वजनदार काहीतरी लिहा."

सरांनी वजनदार लिहिलं. विषय, नळाच्या पाण्यामुळे झालेल्या गंभीर हानीबाबत. मजकूर, 'उपरोक्त पाण्याच्या सततच्या वापरामुळे आतील नाजूक भागात खडे निर्माण होऊन कार्य पूर्णतः बंद पडले आहे, तरी त्वरित दखल घ्यावी, ही विनंती. आपला, हरिदास मोहुर्ले.' कोणाच्या आतील भागात, हे लिहायचं तेवढं राहिलं. इस्त्रीचा उल्लेख टाळायचा होता ना!

घरी आले तर ओसरीवर शेजारचे डोमाजी इस्त्री उलटी धरून तिच्या तळाच्या छिद्रांत एका डोळ्याने पाहत बसले होते. डोमाजी सिमेंट कारखान्यातून निवृत्त झालेले. अठ्ठावीस वर्षं भट्टीवर काढलेली. जगातली कोणतीही वस्तू बिघडली, की ती त्यांना लहान आकाराची भट्टीच दिसे.

"सर, इच्यात रिंग बसली," डोमाजी म्हणाले. "आमच्या भट्टीतबी बसे. आतून चुन्याचं कडं जमते. मंग आमी बंदुकीनं फोडो."

"बंदुकीनं?"

"मोठी बंदूक राह्यते त्याची. धडाधड! पण तुमची भट्टी लहान हाय. हातोडीनं जमन."

सरांनी इस्त्री त्यांच्या हातून काढून घेतली. तेवढ्यात कुंपणापलीकडून बायनाबाई आल्या. बायनाबाई म्हणजे वस्तीतल्या बचतगटाच्या अध्यक्षा. त्यांचा सल्ला नाकारायची हिंमत गावात फक्त त्यांच्या म्हशीत होती.

"चिंच लावा जी सर," बायनाबाई म्हणाल्या. "माहा पाणी भराचा पितळी गुंड काळाकुट्ट झाला होता. चिंचेनं घासला, आता तोंड दिसते त्याच्यात. तुमची इस्त्री काय त्याच्याहून मोठी लागून गेली?"

सर हसणार होते. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की यात तथ्य आहे. चिंचेत टार्टरिक आम्ल! चुन्याच्या थरावर आम्लाची क्रिया! "बायनाबाई," सर गहिवरून म्हणाले, "तुम्ही रसायनशास्त्र बोलून राह्यल्या!"

"मी काई वाईट नाई बोलली जी," बायनाबाई घाबरून म्हणाल्या.

मग काय विचारता! चिंचेचा कोळ निघाला, चहाच्या गाळणीतून गाळला गेला, नरसाळ्याने इस्त्रीच्या पोटात गेला. बटण लावलं. पाच मिनिटांत घरभर असा काही वास सुटला, की रस्त्याने जाणारी मंगली फाटकाशी थांबून विचारू लागली, "सर, सार टाकलं काय जी? वाटीभर द्या." वास आला, वाफ मात्र आली नाही. आधी अर्धी छिद्रं तरी चालू होती. आता चिंचेचा गर आत शिजून घट्ट झाला आणि सगळीच्या सगळी बुजली. डोमाजींनी इस्त्री कानाशी धरली, टिचकी मारली.

"आता रिंग पक्की झाली," त्यांनी निकाल दिला.

साधनाबाई दौऱ्यावरून आल्या, तेव्हा ओसरीवर तिघं जण इस्त्रीभोवती मयताला बसल्यासारखे बसले होते. साधनाबाईंनी हवा हुंगली आणि आत जाऊन कोशाच्या साडीवर एक जुनी चादर झाकून आल्या.

गुरुवारी सकाळी आठ वाजता सर दाढीला बसले होते. बाहेर गलबला ऐकून गालाला फेस तसाच ठेवून ते फाटकाशी आले, तर समोर पन्नासेक बाया, प्रत्येकीच्या कमरेवर गुंड नाहीतर हंडा. सरांना पाहून एकच कालवा झाला.

"अरे बापा, चालून राह्यले ना सर!"

"उभं नका राहू जी, दुखन!"

एका म्हातारीने पुढे होऊन सरांच्या हातात पितळी तांब्या दिला. "कुळथाचं पाणी हाय. सकाळ-संध्याकाळ प्या. खडे पडून जाते."

हळूहळू उलगडा झाला. सरांचा अर्ज कार्यालयातल्या कोणीतरी वाचला, घरी जाऊन सांगितला, आणि रात्रीतून गावभर झालं, की नळाच्या पाण्याने हरिदास मास्तरांच्या आतील नाजूक भागात खडे होऊन कार्य पूर्णतः बंद पडलं. कोणतं कार्य, यावर वस्तीत दोन मतं होती आणि त्यातलं एक सरांच्या कानावर न आलेलंच बरं.

"बाई, ते खडे इस्त्रीत झाले!" सर कळवळून म्हणाले. "माझ्यात नाही!"

बाया थोड्या हिरमुसल्या. पण बायनाबाईंनी गुंड दुसऱ्या कमरेवर घेतला. "इस्त्री असो का पोट असो, पाणी तं तेच ना? चला आता ऑफिसात. तुमी पुढं चाला सर."

"अहो, पण तुम्हाला तर काल माहीत होतं, इस्त्रीच आहे म्हणून!"

"माहीत होतं," बायनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण इस्त्रीसाठी कोण आलं असतं?"

अशा रीतीने, अर्ध्या गालाची दाढी झालेल्या अवस्थेत, हातात कुळथाच्या पाण्याचा तांब्या घेऊन हरिदास सर आयुष्यातल्या पहिल्या मोर्च्याच्या अग्रभागी चालू लागले. वाटेत शाळेची चार पोरं भेटली. त्यांनी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं आणि ती भिंतीला टेकून हसत बसली. सरांनी मान ताठ ठेवली. मान ताठ ठेवली की गालावरचा फेस जास्त दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नगरपंचायतीसमोर घोषणा सुरू झाल्या. आतून अमर घामाघूम होऊन धावत आला. "सर, तुमीच समजावून सांगा जी यांना. साहेब गेले मीटिंगले."

"समजावून सांगा," हे शब्द कोणत्याही शिक्षकाला सांगू नयेत. सर पायरीवर चढले. तांब्या खाली ठेवला. आणि त्यांनी पाण्याचे प्रकार सांगायला सुरुवात केली. सुफेन आणि दुष्फेन. अस्थायी काठिण्य आणि स्थायी काठिण्य. चुनखडकातून झिरपणारं पाणी विरघळवून काय काय आणतं, तापवल्यावर खाली काय बसतं, साबणाचा साका कसा होतो. पंधराव्या मिनिटाला मागची रांग खाली बसली. पंचविसाव्या मिनिटाला कोणाला तरी चुलीवर दूध ठेवल्याची आठवण झाली आणि मग एकेकीला दूध आठवू लागलं. सर क्षारांच्या समीकरणापर्यंत आले, तेव्हा समोर बायनाबाई आणि एक बकरी एवढाच श्रोतृवृंद उरला होता. बायनाबाई उभ्याउभ्या पेंगत होत्या. बकरी मात्र शेवटपर्यंत होती.

"सर, तुमचे उपकार झाले," अमर हात जोडून म्हणाला. "मागच्या मोर्च्याले पोलीस बोलवा लागले होते. आज एकबी दगड नाई पडला."

सरांना हे कौतुक घशाखाली उतरवायला दोन तांबे कुळथाचं पाणी पुरलं नसतं.

उपकाराची फेड म्हणून अमरने दुसऱ्याच दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, उत्तर घरपोच आणून दिलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर पाणी पिण्यायोग्य आहे. ते इस्त्रीयोग्य आहे किंवा कसे, याबाबत या कार्यालयाचे कोणतेही म्हणणे नाही.'

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग घडी करून पुस्तिकेत ठेवलं, शाळेत किरकोळ रजा कळवली आणि बाह्या सरसावल्या. आता कंपनी नको, कार्यालय नको, चिंच नको. आता शास्त्र.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सरांनी जे केलं, ते अगदी नमुनेदार केलं. किराणा दुकानातून लिंबूफुलाची, म्हणजे सायट्रिक आम्लाची, पुडी आणली. फिल्टरच्या पाण्यात दोन चमचे विरघळवून ते फडक्यातून, होय, फडक्यातून गाळून इस्त्रीत भरलं. इस्त्री पुरती तापवली, अर्धा तास तशीच ठेवली, पुन्हा तापवली, वायर काढली आणि मोरीवर आडवी धरून स्वच्छतेचं बटण दाबून धरलं. डोमाजी अनुभवी माणसाच्या हक्काने अगदी जवळ वाकून पाहत होते.

आधी काहीच झालं नाही. मग आतून गुरगुर आली. मग एकदम फस्सकन वाफेचा लोट, त्यामागे चुन्याच्या खपल्या, त्यामागे बुधवारची चिंच! डोमाजी "रिंग सुटली, रिंग सुटली!" म्हणत मागे झाले, तोवर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बनियनवर छातीभर तपकिरी ठिपके उठले होते. चितळ दिसावं तसे डोमाजी दिसत होते. पण चेहऱ्यावर आनंद असा, की अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा भट्टी पेटली.

सरांनी आणखी तीनदा साधं फिल्टरचं पाणी भरून इस्त्री धुतली. तळ ओल्या फडक्याने, सोड्याच्या लगद्याने घासला. चौथ्यांदा बटण दाबलं तेव्हा दुधासारखी पांढरी वाफ आली. डोमाजींनी कपाळाला हात लावून सलाम केला. सरांची छाती, खोटं कशाला बोला, दोन इंच फुगली.

या ठिकाणी शहाणा माणूस थांबला असता. चार वाजले होते. साधनाबाई यायला दीड तास होता. सरांच्या मनात आलं, की ती येईल तेव्हा साडी इस्त्री होऊन खुर्चीवर घडी घातलेली दिसली, तर? ती काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. आणि ते न म्हणणं ऐकायला सर आतुर झाले.

त्यांनी चादर बाजूला केली. साडीचा पदर टेबलावर पसरला. रेशमाला कमी ताप, हे पुस्तिकेत वाचलेलं. म्हणून त्यांनी चकती काळजीपूर्वक 'रेशीम'वर आणली. आणि वाफेचं बटण दाबलं.

पाण्याची वाफ व्हायला शंभर अंश तापमान लागतं. हे आठवीच्या पोरालाही ठाऊक असतं. आत पडलेल्या पाण्याची झटक्यात वाफ करायची तर इस्त्री त्याहून बरीच जास्त तापावी लागते आणि 'रेशीम'वर ती तेवढी तापत नाही. मग आतलं पाणी वाफ न होता तसंच खाली गळतं आणि गळताना कोपऱ्याकोपऱ्यात जे काही उरलंसुरलं असेल, ते सोबत घेऊन येतं. सर हे वाक्य वर्गात डोळे मिटून म्हणू शकले असते. इथे ते त्यांना आठवलं, पण एक सेकंद उशिरा.

पदरावर तळहाताएवढा चिंचेचा डाग पसरला. सर त्याच्याकडे पाहत राहिले. मग ते खुर्चीवर बसले. डोमाजी हळूच उठले, चपला हातात घेऊन निघून गेले. चपला हातात घेऊन जाण्याचं कारण काहीच नव्हतं, पण प्रसंगच तसा होता.

साडेपाचला साधनाबाई आल्या. सर उभे राहिले. त्यांनी दीड तास मनात एक भाषण जुळवलं होतं. त्यातले शेवटचे तीन शब्द तेवढे तोंडातून निघाले. "साधना, साडी गेली."

साधनाबाईंनी पदर उचलून खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला. आईच्या पसंतीचा रंग, आईच्या ओळखीचा विणकर. सरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आधी चिंधीवर पाह्यलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पोराइले वर्गात काय सांगता?"

"प्रयोग आधी थोड्या नमुन्यावर करून पाहावा," सर पुटपुटले.

साधनाबाई पदर धरून तशाच उभ्या. तेवढ्यात बायनाबाई कुंपणावरून आल्याच. डोमाजींनी बातमी पोचवली होती. हातात त्यांची स्वतःची जरीची साडी. "ही नेसून जाय बाई. लग्नातच नेसली, नवीच हाय."

"नको बाई," साधनाबाई म्हणाल्या. "मी हीच नेसीन. चिंचेचा डाग हाय, पापाचा नाई."

आणि त्या टेबलाशी बसल्या. भाषणाचा लिहून ठेवलेला कागद काढला, वाचला, फाडला आणि कोऱ्या कागदावर भराभर काहीतरी लिहू लागल्या. सरांनी वाकून पाहायचा प्रयत्न केला. त्यांनी कागदावर हात आडवा ठेवला.

शनिवारी चंद्रपूरचं सभागृह भरलेलं. तीनेकशे बाया, पुढच्या रांगेत अधिकारी. सर तिसऱ्या रांगेत अंग चोरून. साधनाबाईंचं नाव पुकारलं गेलं, त्या मंचावर गेल्या. पदर त्यांनी असा घेतला होता, की डाग थेट खांद्यावर समोर. सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा प्रमुख पाहुण्या, जिल्हा परिषदेच्या मोठ्या मॅडम, त्यांच्या खांद्यावर शाल पांघरत होत्या आणि शालीने डाग पूर्ण झाकला. सरांनी असा सुस्कारा सोडला, की पुढच्या बाईने वळून पाहिलं.

मग साधनाबाई माइकपाशी आल्या. त्यांनी शाल काढली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि पदर हातात धरून सभागृहाला दाखवला.

"हा डाग पाहा," त्या म्हणाल्या. "हा माह्या नवऱ्यानं पाडला."

पुढची चार मिनिटं सर जमीन दुभंगण्याची वाट पाहत होते. अभ्रा आला, बासरी आली, पाचपैकी पाच मार्क आले, कुळीथ आलं, बकरी आली. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी होतं. मोठ्या मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. आणि सगळे पुरते हसून झाल्यावर साधनाबाई त्याच आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एका इस्त्रीचा घसा या पाण्यानं चौदा महिन्यांत बसला. माह्या बेचाळीस अंगणवाड्यांत याच पाण्यात लेकराइची डाळ शिजते. शिजते म्हणजे, दोन तास शिजत नाई. लेकरं ताट घेऊन बसून राह्यते. मी तीन वर्षांत नऊ अर्ज देल्ले. उत्तर आलं नाई. इस्त्रीच्या अर्जाले दोन दिवसात आलं."

मग मागून एक टाळी आली, मग सगळ्याच आल्या. मोठ्या मॅडमनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने त्याच्या शेजारच्याकडे, आणि शेजारच्याच्या शेजारी कोणी नव्हतं, म्हणून त्याने वही काढली. सर थक्क होऊन पाहत होते. काल ती खिडकीशी उभी राहून डागाकडे पाहत होती, तेव्हा तिला काय दिसत होतं, हे त्यांना आत्ता कळलं. लाज आणि अभिमान या दोन गोष्टी एकाच छातीत एवढ्या दाटीने मावतात, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

"आणि ते सर आलेत का?" मॅडमनी माइकवर विचारलं. "उभे राहा की, सर!"

सर उभे राहिले. सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांना ओढत मंचावर नेलं आणि साधनाबाईंशेजारी उभं केलं. फोटो निघाला.

पाणी गोडं करायची यंत्रं दोन महिन्यांत अडतीस अंगणवाड्यांना आली. उरलेल्या चारांसाठी साधनाबाईंची पत्रं अजून सुरू आहेत आणि आता त्यांना उत्तरं येतात. पदरावरचा डाग आरमोरीच्या विणकराने पाहिला आणि त्यावर त्याच रंगाच्या धाग्याने एक वेल काढून दिली. जवळून पाहिलं तरच कळते. फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी पेपरात आला आणि त्याची मोठी प्रत रीनाने फ्रेम करून पाठवली. ती बैठकीत लागली.

फ्रेम पाहायला बायनाबाई आल्या. चहाची बशी हातात धरून त्यांनी फोटो बराच वेळ निरखला. साधनाबाई प्रसन्न, ताठ, पदर चापूनचोपून. शेजारी सर. सरांच्या अंगातला शर्ट कॉलरपासून खालपर्यंत असा चुरगळलेला, की रात्रभर कोणी उशाला घेतला असावा. चार दिवस इस्त्रीच्या मागे धावणाऱ्या माणसाला शनिवारी सकाळी स्वतःच्या शर्टाची आठवणच झाली नव्हती.

"सर," बायनाबाई म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी इस्त्री नोती केली काय जी?"

सरांनी चहाचा घोट गिळला.

"केली होती," ते म्हणाले. "साडीले केली होती."